प्रिबायोटिक घालावं का? आधी बोटुकल्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदापूरकडे प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे, त्यात हापे (पाण्यात लावलेल्या बारीक जाळीच्या पेट्या) लावून रोहू आणि गिफ्ट (सुधारित जातीच्या) तिलापियाचं बीज बोटुकलीपर्यंत, म्हणजे बोटभर पिल्लापर्यंत, वाढवून विकायचं. खाद्याच्या विक्रेत्याने यीस्टपासून केलेली एक भुकटी गळ्यात मारली आहे. पाकिटावर 'एमओएस + इन्युलिन' लिहिलंय (ही दोन्ही प्रिबायोटिकं, म्हणजे काय ते पुढे सांगतो), वाढ २० टक्के जास्त असा दावा आहे, आणि किलोभर खाद्याला ५ ग्रॅम घाला असं तोंडी सांगितलंय. घालावं का, कसं, किती दिवस, आणि पैसे निघतात का? शिवाय पाकिटाऐवजी कांदा-लसूण चालेल का?

घालायला हरकत नाही. सांगितलेली मात्राही अव्वाच्या सव्वा नाही. पण २० टक्के वाढीच्या आशेवर घेणार असाल तर घेऊ नका. बोटुकलीच्या धंद्यात या भुकटीचा फायदा झालाच तर तो वजनकाट्यावर फारसा दिसत नाही. हापा उचलल्यावर किती मासे शिल्लक आहेत आणि पिशवीत भरून गिऱ्हाइकाच्या तळ्यावर पोचेपर्यंत त्यातले किती जिवंत आहेत, या दोन आकड्यांत तो शोधावा लागतो. हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतःच्या तळ्यावर पडताळून बघता येईल. (गिफ्टला शासनाची परवानगी लागते. ती तुम्ही काढलेली आहे असं धरून चालतो.)

प्रिबायोटिक ही मूळची माणसाच्या पोटासाठी मांडलेली कल्पना. गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ती मांडली: जे आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या ठरावीक उपयोगी जिवाणूंना पचतं, आणि त्यामुळे ज्याचं आतडं आहे त्याचं भलं होतं, असं अन्न. प्रोबायोटिक म्हणजे खुद्द जिवंत जिवाणू. शेतकऱ्याला सांगायचं तर जिवामृतात शेण घालतो ते प्रोबायोटिक, आणि गूळ-बेसन घालतो ते प्रिबायोटिक. पोल्ट्रीत आणि मत्स्यशेतीत या गोष्टींना भाव आला तो प्रतिजैविकांवर बंधनं आल्यावर. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी केली. आपल्याकडेही क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान मत्स्यशेतीत बंद आहेत. मग खाद्य कंपन्या पर्याय शोधू लागल्या, आणि यीस्टची भिंत, चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन असल्या गोष्टी माशांच्या खाद्यात आल्या.

आता माशाचं पोट म्हणजे माणसाचं पोट नव्हे, आणि सगळ्या माशांचं पोटही सारखं नसतं. तुमच्याकडे जे दोन मासे आहेत ते या बाबतीत दोन टोकांना आहेत. रोहूला जठरच नाही. घशातून खाद्य सरळ आतड्यात उतरतं, आम्लाची पायरीच नाही. तिलापियाला जठर आहे आणि ते भलतंच आंबट असतं. खाऊन झाल्यावर त्याचा सामू (पीएच) २ च्याही खाली जाऊ शकतो. एफओएससारखी लहान साखळीची शर्करा इतक्या आम्लात थोडीफार तुटते. यीस्टच्या भिंतीतलं मॅनन बऱ्यापैकी टिकतं. म्हणजे एकच पाकीट दोन्ही हाप्यांत ओतलं तरी आतड्यापर्यंत पोचणारा माल सारखा नसतो.

शिवाय माणसाच्या मोठ्या आतड्यात अन्न दिवसभर मुरतं, तसं इथे मुरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळी पाण्यात लहान माशाच्या पोटातून खाद्य काही तासांत बाहेर पडतं. जिवाणूंना आंबवायला तेवढाच वेळ. त्यातही जिवाणू वेगळे. माणसात ज्या बायफिडो जिवाणूंचं कौतुक होतं, ते माशात नगण्य असतात. गोड्या पाण्यातल्या कार्प आणि तिलापियाच्या आतड्यात सिटोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू बऱ्याचदा भरपूर सापडतो आणि तो ब-१२ जीवनसत्त्व तयार करतो. एरोमोनास हा रोग करणारा जिवाणूसुद्धा तिथेच राहतो. मासा धडधाकट असेपर्यंत तो गप्प असतो, मासा दमला की अंगावर येतो. प्रिबायोटिकने नेमकं कोणाला जेवू घातलं, हे म्हणूनच महत्त्वाचं.

एकदा हे डोळ्यांनी बघाच. रोहूची तीन-चार इंचांची एक बोटुकली बर्फाच्या पाण्यात शांत करा आणि बारीक कात्रीने पोट उघडा. आतडं सुताच्या गुंडीसारखं गुंडाळलेलं दिसेल. हलक्या हाताने सरळ करून पट्टीवर ठेवा, माशाच्या लांबीच्या कित्येक पट भरतं. याच जातीचं इंचभर बीज उघडलं तर आतडं त्या मानाने फारच आखूड, कारण त्या वयात रोहू पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो. वनस्पती आणि गाळ खायला लागल्यावर आतडं लांबतं. आता मातीच्या तळ्यातली एक आणि तुमच्या अस्तराच्या तळ्यातली एक, अशा दोन बोटुकल्या शेजारी शेजारी उघडा. मातीच्या तळ्यातल्या माशाच्या आतड्यात हिरवट-काळा लगदा असतो. त्यात शेवाळ आहे, गाळ आहे, जिवाणूंचा थर चढलेला पालापाचोळा आहे. अस्तराच्या तळ्यातल्या माशात बहुतेक सगळा तपकिरी पिठूळ माल, म्हणजे तुम्ही टाकलेली गोळी.

हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मातीच्या तळ्यात माशाला न पचणारी आणि जिवाणूंना पचणारी शर्करा फुकट मिळते. अस्तराच्या तळ्यात तळाला माती नाही, खत मोजकं पडतं, नैसर्गिक खाद्य कमी. म्हणून मातीच्या संगोपन तळ्यात या भुकटीवर पैसे घालू नका असं मी सरळ सांगेन, आणि अस्तराच्या तळ्यातल्या हाप्यांत करून बघा असं म्हणेन. बायोफ्लॉकवाल्यांनी तर नादच करू नये. फ्लॉकचा प्रत्येक कण म्हणजे जिवाणूंच्या आणि यीस्टच्या पेशींचा गोळा असतो, मासा तो दिवसभर चरतो. जे पाकिटात विकत घ्यायचं ते टाकीत तरंगतंच आहे.

आता पाकिटात काय असतं ते बघू. एमओएस म्हणजे मॅनन ऑलिगोसॅकराइड. बेकरी किंवा मद्यार्काच्या कारखान्यातल्या यीस्टची बाहेरची भिंत वेगळी काढून ते करतात. त्याचं एक काम साधं आहे. काही उपद्रवी जिवाणूंच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांनी ते आतड्याच्या भिंतीवरच्या मॅनोज साखरेला चिकटतात. तशीच साखर खाद्यातून फिरत असेल तर ते तिलाच चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर जातात. हे तंतू प्रत्येक रोगजंतूला नसतात, त्यामुळे 'सर्व जिवाणूंवर गुणकारी' असं कोणी म्हणालं तर पाकीट खाली ठेवा. त्याच भिंतीत बीटा-ग्लुकन असतं. ते काटेकोरपणे बघितलं तर प्रिबायोटिक नाही. ते माशाच्या पांढऱ्या पेशींना सरळ जागं करतं. इन्युलिन आणि एफओएस या फ्रुक्टोजच्या साखळ्या, लांब आणि आखूड. या आंबल्या की ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात, आणि ब्युटिरिक आम्लावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात.

कागदावर हे सगळं छान दिसतं. प्रयोगांचे निकाल मात्र एका दिशेने जात नाहीत, आणि विक्रेता त्यातला अर्धाच भाग सांगतो. कॅनरी बेटांवरच्या संशोधकांनी २००७ मध्ये युरोपीय सी-बासला २ आणि ४ टक्के एमओएस दिलं, तेव्हा वाढही सुधारली आणि व्हिब्रिओ या रोगजंतूचा संसर्गही कमी झाला. बल्गेरियात रेनबो ट्राउटला ०.२ टक्के एमओएस देऊन पिंजरे आणि वाहत्या पाण्याचे हौद दोन्हीकडे फायदा दिसला. टर्बोटच्या पिल्लांना जिवंत खाद्यावरून कोरड्या खाद्यावर आणताना २ टक्के ऑलिगोफ्रुक्टोजने वाढ सुधारली, पण त्याच प्रयोगात त्याच मात्रेच्या इन्युलिनने तसं काही केलं नाही. मलेशियात पंगसच्या पिल्लांवर एमओएसच्या ०.८ टक्क्यांपर्यंतच्या मात्रा तपासल्या, त्यात ०.६ टक्क्याला चांगला परिणाम मिळाला. आपल्या मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतही रोहूच्या बोटुकलीवर एमओएस आणि यीस्ट अर्काची चाचणी झाली आहे. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि त्यात वाढीइतकंच रक्तातल्या बदलांकडे लक्ष दिलं होतं.

आता दुसरी बाजू. गल्फ स्टर्जनला ०.३ टक्के एमओएस दिलं, वाढीत काही फरक नाही. बेलुगा स्टर्जनच्या पिल्लांना १, २, ३ टक्के इन्युलिन दिलं तर मात्रा वाढवली तशी वाढ उलट खालावली. नॉर्वेत अटलांटिक सामनला १ टक्का मात्रेने एमओएस, एफओएस, जीओएस (गॅलॅक्टोजच्या साखळ्या) तिन्ही वेगवेगळी देऊन बघितली. चार महिन्यांनी वाढ सगळ्यांची सारखी. आर्क्टिक चारला १५ टक्के इन्युलिन दिलं, तेव्हा आतड्याच्या अस्तराच्या पेशींचंच नुकसान झालं. १५ टक्के ही मात्रा कोणी शेतकरी देणार नाही, पण 'नैसर्गिक आहे, जास्त पडलं तरी अपाय नाही' या बोलण्याला तेवढं उत्तर पुरे.

आणि वयाचा मुद्दा, जो तुमच्या कामाचा आहे. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या गटाने ट्राउटला एमओएस देऊन आतडं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. जाणत्या माशांत शोषणाचा पृष्ठभाग वाढलेला दिसला, पिल्लांत तो फरक दिसला नाही. पिल्लाचं आतडं तसंही झपाट्याने वाढत असतं. त्याच्या पोटातली जिवाणूंची वस्ती अजून बसायची असते, आणि आजच्या पाण्यात जे आहे तेच उद्या पोटात. म्हणून पिल्लांवर असल्या पदार्थाचा परिणाम पाण्याप्रमाणे, खाद्याप्रमाणे, जातीप्रमाणे बदलतो. आणखी एक लक्षात घ्या: यातले बरेच प्रयोग स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत, मोजक्या माशांवर, प्रशिक्षित हातांनी झालेले असतात. तुमच्या हाप्यात पहाटे ऑक्सिजन उतरतो, दुपारी सामू चढतो आणि मधल्या मध्ये वीज जाते.

मग जगणुकीवर माझा भर का? बोटुकलीच्या दीड-दोन महिन्यांत मासा किती वेळा हाताळला जातो ते आठवा. हापा बदलणं, आकारानुसार निवड, विक्रीच्या आधी एक दिवस उपाशी ठेवणं, पिशवी, टेम्पो. प्रत्येक वेळी अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो, मासा ताणाखाली येतो, आतड्याची भिंत ढिली पडते आणि एरोमोनासला वाट मिळते. एमओएस आणि ग्लुकनच्या प्रयोगांत जिथे मुद्दाम जंतू टोचले किंवा माशाला ताण दिला, तिथे फायदा दिसण्याचं प्रमाण नुसत्या वाढीपेक्षा जास्त आहे, असं माझं वाचन आणि तळ्यांवरचा अनुभव दोन्ही सांगतात.

पैशाचं गणितही तिकडेच जातं. समजा १० हजार पिल्लं २ ग्रॅमवरून १२ ग्रॅमवर न्यायची. वाढ १०० किलोची. एफसीआर (किलोभर वाढीला लागणारं खाद्य) १.५ धरला तर खाद्य १५० किलो, आणि ५ ग्रॅमने भुकटी लागली ७५० ग्रॅम. भुकटी ६०० रुपये किलो धरा, खर्च ४५० रुपये. बोटुकली ३ रुपयांना जात असेल तर १५० मासे जास्त जगले की भुकटी फुकट पडली. म्हणजे दीड टक्का. हेच वजनाकडून वसूल करायचं तर? खाद्य ६० रुपये किलो असेल तर भुकटी घातल्यावर ते ६३ ला पडतं. एफसीआर १.५ वरून १.४३ च्या खाली आला तरच नफा. मिळाला तरी तो खाद्याच्या बचतीचा, तोही १०० किलो माशामागे. मोठा मासा किलोवर विकणाऱ्याला एफसीआर जीव की प्राण, बोटुकली नगावर विकणाऱ्याला नग महत्त्वाचा. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून हिशेब पुन्हा मांडा.

आता घालायचं कसं. यात निम्मे लोक पैसे अक्षरशः पाण्यात घालतात. कोरडी भुकटी गोळीवर भुरभुरवून हाप्यात टाकली की ती पहिल्या मिनिटात सुटते. इन्युलिन आणि एफओएस तर विरघळणारेच. किलोभर खाद्याला ५ ग्रॅम भुकटी ३० ते ४० मिली तांदळाच्या गार पेजेत घोटा. पेज पातळ हवी, गाळून घ्या. खाद्य घमेल्यात पसरून त्यावर थोडी थोडी शिंपत हाताने वर-खाली करा, गोळी ओलसर दिसली पाहिजे, चिकट गोळे होता कामा नयेत. सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवा, मग वरून चमचा-दोन चमचे सोयाबीनचं किंवा माशाचं तेल चोळा. तेलाने वेष्टण बसतं. उन्हात सुकवू नका, भुकटीला काही होणार नाही पण खाद्यातली जीवनसत्त्वं जातात. त्या दिवसाचं त्या दिवशी संपवा, ओलं झालेलं खाद्य ठेवलं की बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषाने होणारं नुकसान कुठल्याही प्रिबायोटिकने भरून निघत नाही.

बसलं की नाही हे बघायला काचेच्या पेल्यात तळ्याचंच पाणी घ्या, दहा-बारा गोळ्या टाका, पाच मिनिटं हलवू नका. गोळ्यांभोवती पांढुरका धूर उतरत असेल तर वेष्टण बसलं नाही. पाणी जवळपास स्वच्छ राहिलं तर ठीक. इतकं करून २ ग्रॅमचं पिल्लू ते पाच मिनिटांत खात नसेल तर गोळीचा आकार मोठा आहे. या वयाला साधारण १ मिलिमीटरचा चुरा लागतो, दिवसाला वजनाच्या ६ ते ८ टक्के, चार वेळा विभागून.

मात्रा: एमओएस किंवा यीस्टची भिंत असेल तर किलोला ३ ते ५ ग्रॅम. शुद्ध इन्युलिन वेगळं घेत असाल तर ५ ग्रॅमच्या वर जाऊ नका, बेलुगाचं उदाहरण वर दिलंच आहे. बीटा-ग्लुकन वेगळं असेल तर १ ग्रॅम, दोन-चार आठवडे देऊन मध्ये खंड द्या, कारण प्रतिकारशक्तीला सतत टोचत राहिलं की ती थकते असे निष्कर्ष आहेत. एमओएस सलग चालतं. विक्रीच्या आधीचे तीन आठवडे मी सगळ्यात महत्त्वाचे धरतो. पैसे कमी असतील तर सुरुवातीला सोडा, शेवटी द्या. हे आज घातलं आणि उद्या दिसलं असं औषध नाही, आतड्यातली वस्ती बदलायला दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात.

तुमच्या तळ्यावर चाचणी करणं अवघड नाही. सारखे सहा हापे घ्या, एकाच तळ्यात, एकाच खेपेचं बीज, प्रत्येकात मोजून २०० मासे. तीन हाप्यांत भुकटी, तीन हाप्यांत नुसती पेज आणि तेल. पेज-तेल दोन्हीकडे हवंच, नाहीतर तेलाचा फायदा भुकटीच्या नावावर जमा होतो. भुकटीचे तिन्ही हापे एरेटरजवळ आणि साधे तिन्ही कोपऱ्यात असं करू नका, एकाआड एक लावा. हाप्याचं कापड दर आठवड्याला घासा. यावर बरेच जण हसतात, पण कापडावर शेवाळाचा थर चढला की तिलापिया तो चरतो, आणि ज्या हाप्यावर ऊन जास्त त्यातला मासा जास्त वाढतो. तुम्हाला वाटतं भुकटीने वाढला.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक हाप्यातून ३० मासे काढून एकत्र वजन करा, खाद्य त्यानुसार वाढवा, मेलेले रोज मोजून वहीत लिहा. ४५ ते ६० दिवसांनी सगळे मोजा. आता निकाल वाचताना घाई करू नका. साध्या तीन हाप्यांची जगणूक समजा ८४, ८९ आणि ९१ टक्के आली आणि भुकटीच्या हाप्यांची ८६, ९० आणि ९२, तर भुकटीने काही केलं असं म्हणता येत नाही. एकाच तऱ्हेच्या हाप्यांतच सहा-सात टक्क्यांचा फरक आहे, त्यापुढे सरासरीतला टक्काभर फरक काहीच नाही. भुकटीचे तिन्ही हापे साध्या तिन्हींच्या वर असतील तर मात्र दखल घ्या आणि पुढच्या बॅचला पुन्हा करा.

मोजल्यावर एक गोष्ट जास्तीची करा, माझ्या मते तीच खरी परीक्षा आहे. प्रत्येक हाप्यातून ५० मासे एक दिवस उपाशी ठेवून विक्रीला भरतो तसे पिशवीत भरा, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. सहाही पिशव्या सावलीत बारा तास ठेवा, मग सोडा. लगेच मेलेले मोजा, आणि हाप्यात परत ठेवून पुढचे तीन दिवस मेलेलेही मोजा. हे नंतरचे मासेच गिऱ्हाइकाचा फोन आणतात. रोगजंतू सोडून बघण्याचे प्रयोग प्रयोगशाळेतच होऊ देत, तळ्यावर ते कोणी करू नयेत.

कुठे घालूच नये ते एका दमात सांगतो. पहाटे ऑक्सिजन ३ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर आधी एरेटर. अमोनिया चढलेला असेल तर आधी खाद्य कमी आणि पाणी बदल. आर्ग्युलस, म्हणजे माशाच्या उवा लागल्या असतील तर त्यांना आतड्याशी काही देणंघेणं नाही. हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे आणि जखमा दिसल्या तर तो बुरशीसारख्या जिवाचा रोग असू शकतो, मासे घेऊन जाणकाराकडे जा, भुकटीच्या भरवशावर आठवडा घालवू नका. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झालं की मासा खाणंच कमी करतो, तेव्हाही पैसे वाया. आणि खाद्यच मुळात शेंगदाणा पेंड अधिक भाताचा कोंडा असं असेल, तर प्रिबायोटिकच्या पैशात आधी मासळीची पूड किंवा सोयाबीन पेंड घालून प्रथिनं वाढवा आणि खनिज मिश्रण टाका. अर्धपोटी माशाच्या आतड्यातले जिवाणू पोसून काय मिळणार? कोंड्यात तसंही न पचणारे तंतू भरपूर आहेत.

पाकिटाबद्दल. 'यीस्ट सेल वॉल' आणि 'एमओएस' हे सरसकट एकच समजून विकतात. यीस्टच्या भिंतीत मॅनन साधारण पाव हिस्सा असतं, ग्लुकन तेवढं किंवा थोडं जास्त, उरलेलं प्रथिन आणि बाकी. म्हणजे ५ ग्रॅम भुकटीत खरं मॅनन सव्वा ग्रॅमच्या आसपास. विक्रेत्याकडे बॅचचा तपासणी अहवाल मागा, त्यात मॅनन आणि ग्लुकनची टक्केवारी वेगवेगळी लिहिलेली हवी. 'एकूण कर्बोदकं' एवढाच आकडा असेल तर त्यात भरीला घातलेला स्टार्चही मोजला जातो. घरी एक ढोबळ तपासणी करता येते: चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून त्यावर औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर मका किंवा तांदळाचं पीठ घातलेलं आहे. ही तपासणी भुकटी पेजेत घालण्याआधी करा, पेज तर निळी होणारच.

आणि भुकटी घातल्यावर आठवड्याभरातच मरतूक एकदम थांबली, मासे टकाटक वाढायला लागले, तर खूश होण्याआधी शंका घ्या. प्रिबायोटिक इतक्या घाईने काम करत नाही. प्रतिजैविक करतं. अशा पाकिटातला नमुना प्रयोगशाळेत दिल्याशिवाय दुसरं पाकीट उघडू नका, कारण अवशेष सापडले तर विचारणा तुमच्याकडे होणार, विक्रेत्याकडे नाही.

शेवटचा प्रश्न तुम्ही कांदा-लसणाचा विचारला होता. दोन्हींत फ्रुक्टोजच्या साखळ्या आहेत हे खरं, लसणात भरपूर. पण किलो खाद्याला ५ ग्रॅम शुद्ध माल मिळवायला जेवढा ओला लसूण वाटावा लागेल, तेवढ्याने गोळीचा लगदा होतो आणि खर्चही पाकिटाच्या वर जातो. लसणाचे स्वतःचे वेगळे गुण आहेत, त्यातलं ॲलिसिन जिवाणूंना मारतं, म्हणजे पोसायचं काम आणि मारायचं काम एकाच वेळी चालू होतं. चाचणीच्या हाप्यांत तरी तो मिसळू नका, नाहीतर शेवटी कशाने काय झालं ते सांगता येणार नाही. चाचणी झाल्यावर वेगळा हापा लावून खुशाल बघा, आकडे वहीत लिहून ठेवा.